माना ते तात्यापारा : रायपूरची दैनंदिनी, भाग १

शनिवार

मुंबईहून निघालेलं विमान दोन तासांच्या आत रायपूरला टेकतं. पाऊस नुकताच सरलेला, भाताची खाचरं पिवळसर व्हायला लागलेली, आणि त्यांच्या मधे जिथे पाहावं तिथे तळी. कोल्हापूरच्या दोघी बहिणी पहिल्यांदाच इथे येत होत्या. मावशी चौबे कॉलनीत राहते, तिचं घर शोधायचं एवढंच आजचं काम.

थोरली काही वर्षं नोकरीनिमित्त ओसाकात होती. परक्या शहरात पहिल्यांदा पाऊल ठेवताना काय लागतं, हे ती तिथे शिकली. तिथला कान्साई विमानतळ १९९४ मध्ये समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर सुरू झाला. किनाऱ्याला जोडणाऱ्या पुलावर वरून मोटारी जातात, खालच्या मजल्यावरून रेल्वे. टर्मिनलमधून बाहेर पडलेला माणूस बाणांच्या मागे चालत राहिला की समोरच्या स्टेशनात पोचतो आणि नानकाईच्या गाडीत बसून थेट नाम्बाला, शहराच्या ऐन गजबजाटात उतरतो. भाषेचं एक अक्षर येत नसलं तरी चालतं. तेव्हा तिला कुणालाही काही विचारावं लागलं नव्हतं.

रायपुरात विचारावं लागतं. पण विचारलं की माणसं सांगतात, आणि भरभरून सांगतात. टॅक्सीवाल्या भैयानं पहिला प्रश्न केला, "दीदी, नवा रायपूर की जुना?" प्रश्न महत्त्वाचा आहे. विमानतळ मान्याला, जुन्या शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर. उलट दिशेला नवा रायपूर, २०१८ पासून नाव अटल नगर. मंत्रालय २०१२ मध्ये तिकडे गेलं, क्रिकेटचं मोठं स्टेडियमही तिकडेच. पहिल्यांदा येणाऱ्यानं नुसतं 'रायपूर' म्हणून हॉटेल ठरवलं आणि ते नव्या शहरात निघालं, तर संध्याकाळी गोल बाजारात फिरायचा बेत तिथेच बारगळतो. बुकिंग करताना भागाचं नाव बघून घ्यावं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गाडी सुटली आणि भैयाचं बोलणंही. आत्ताचं टर्मिनल २०१२ चं, त्याच वर्षी विमानतळाला स्वामी विवेकानंदांचं नाव मिळालं. ऑगस्ट २०१५ मध्ये ढाक्याहून मस्कतकडे निघालेलं एक बांगलादेशी विमान इंजिन बिघडल्यामुळे इथे तातडीनं उतरलं. प्रवासी दुसऱ्या विमानानं गेले, हे विमान मात्र वर्षानुवर्षं इथेच उभं राहिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवण्याची ती एक गोष्टच होऊन बसली होती.

मान्याची खरी मोठी गोष्ट मात्र विमानांची नव्हे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी इथे छावणी होती. त्यांच्या पुनर्वसनासाठी दंडकारण्य प्रकल्प १९५८ मध्ये उभा राहिला. १९६४ नंतर लोंढे वाढले, तेव्हा हजारो बंगाली कुटुंबं आधी मान्यात आली आणि मग आतल्या रानात पाठवली गेली. पाण्याच्या मुलखातली माणसं कोरड्या, खडकाळ जमिनीवर आणून बसवलेली. त्यातली बरीच १९७८ मध्ये सुंदरबनातल्या मरीचझापी बेटाकडे परत निघाली आणि तिथेही त्यांची फरपट झाली. माना कॅम्पमध्ये आजही बंगाली कानावर पडते. विमानतळावरून शहराकडे धावणाऱ्या पाहुण्याला यातलं काही कळत नाही. रस्त्याकडेला याबद्दल चार ओळींची पाटी तरी असायला हवी.

पुढे व्हीआयपी रोड. दोन्ही बाजूंना लग्नाच्या लॉनच्या कमानी, हॉटेलं, राम मंदिराचं शिखर. मग तेलीबांधा तलाव, ज्याला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात. इथे विमानतळाचा रस्ता संपतो आणि जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड लागतो. मुंबई-कोलकाता वाहतूक वर्षानुवर्षं ज्या रस्त्यानं शहरातून गेली, तो हाच. मावशीनं बजावून ठेवलं होतं, "तेलीबांध्याला आलात की फोन करा, मी कुकर लावते." फोन केला. दारात पोचेपर्यंत वरणाचा वास जिन्यात आला होता.

रविवार

ज्यांचं नाव विमानतळाला आहे ते स्वतः इथे कसे आले, हे पाहायला बहिणी सकाळीच बूढापाऱ्यात गेल्या. पारा म्हणजे आपली आळी किंवा पेठ.

साल १८७७. कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात होते, त्यांनी कुटुंबाला बोलावून घेतलं. चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजेच पुढचे विवेकानंद, आईबरोबर निघाला. रायपूरला तेव्हा रेल्वे नव्हती, ती आली १८८८ मध्ये. शेवटचा लांब पल्ला बैलगाडीनं, घनदाट रानातून, सुमारे पंधरवडाभर. त्या वाटेवर डोंगराच्या कपारीत लोंबणारं एक भलं मोठं मधाचं पोळं पाहून मुलाचं भान हरपलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. रायपुरात चांगली शाळा नव्हती, म्हणून वडीलच शिकवत. १८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्याला परतलं.

बूढापाऱ्यातलं डे भवन या वास्तव्याशी जोडलेलं आहे. याच डे घराण्यातले हरिनाथ डे पुढे बहुभाषापंडित म्हणून गाजले, आणि १९०७ मध्ये कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. घराजवळच बूढा तालाब, आता विवेकानंद सरोवर. पाण्याच्या मधोमध स्वामीजींचा बसलेला उंच पुतळा.

धाकटीनं विचारलं, "ताई, ते जपानला गेले होते ना गं?"

गेले होते. १८९३ मध्ये, शिकागोला जाताना. नागासाकीला बोट थांबली तेवढ्या वेळात गाव पाहिलं. कोबेला मात्र त्यांनी बोट सोडली आणि देशाचा आतला भाग पाहायला मिळावा म्हणून जमिनीवरून योकोहामा गाठलं. ओसाका, क्योतो, तोक्यो वाटेत पाहिलं. योकोहामाहून १० जुलैला लिहिलेल्या पत्रात रुंद, सरळ रस्ते आणि स्वच्छता यांचं कौतुक आहे, देवळांत जुन्या बंगाली लिपीत लिहिलेले संस्कृत मंत्र दिसल्याची नोंद आहे, आणि आपल्या तरुणांनी दरवर्षी जपान पाहून यावं अशी तळमळ आहे. बोटीत बसून सरळ पुढे जाता आलं असतं. पण बंदरातून शहरात आणि शहरातून गावात शिरल्याशिवाय देश कळत नाही, हे त्यांनी जाणलं होतं.

दुपारी घडी चौकाजवळचं महंत घासीदास संग्रहालय. ते १८७५ चं, म्हणजे नरेंद्र इथे आला तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं. आवारातच गढ कलेवा, छत्तीसगढी खाण्याचं ठिकाण. फरा मागवला. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळकट्या वाफवून वर तीळ, मिरची, कढीपत्त्याची फोडणी. दिसायला थेट आपले मुटके, पण दाताखाली मऊ भाताची चव. शेजारच्या ताटात ठेठरी आणि खुरमी, एक तिखटमिठाची, एक गोड. मावशी म्हणाली, "पोळ्याला-तिजेला घराघरांत हेच करतात. मला येईपर्यंत पाच वर्षं गेली बाई."

सोमवार

आज तात्यापारा, मराठी घरांची जुनी वस्ती. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी १७५८ मध्ये छत्तीसगढचा कारभार पाहायला आले आणि १७८७ मध्ये वारेपर्यंत इथेच राहिले. त्यांची राजधानी रतनपूर. रायपूरला कारभार आला तो १८१८ नंतर, इंग्रजांच्या देखरेखीखाली. मागोमाग कारकून, वकील, मास्तर, पुरोहित यांची मराठी घरं आली आणि इथलीच झाली.

माधवराव सप्रे त्यांतलेच. जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं, प्रकाशक होते रायपूरचे वामनराव लाखे. घरची भाषा मराठी असलेल्या या दोघांनी या प्रदेशातल्या हिंदी पत्रकारितेचा पाया घातला. टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं तेही सप्र्यांनीच. लाख्यांनी पुढे सहकारी बँकेचं काम उभं केलं. आज सप्रे शाळा आणि लाखेनगर ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी असतात. महाराष्ट्रातून येणाऱ्यानं विमानतळावरून थेट जगदलपूरची गाडी धरण्याआधी अर्धा दिवस या आळ्यांना द्यावा, असं मनापासून वाटतं.

संध्याकाळी रेल्वे स्टेशन. १९०० पासून रायपूर-धमतरी अशी अडीच फुटी रुळांची छोटी लाइन होती, आणि तिच्यावर तेलीबांध्यानंतरचं स्टेशन होतं माना. म्हणजे विमानतळाच्या गावाहून शहरात यायला आगगाडी होती! शहरातले ते रूळ गेल्या दशकात उखडले गेले, त्या पट्ट्यावर आता एक्स्प्रेस वे आहे. गाड्या वेगात जातात हे खरं, पण ज्याच्याकडे गाडी नाही त्याला बहुतेकदा टॅक्सीच धरावी लागते. ३० मार्च २०२५ ला मंदिर हसौदमार्गे रायपूर-अभनपूर मेमू सुरू झाली. ती नव्या रायपूरला जाते, विमानतळावर नाही.

थोरलीला हे लागलं. जपाननंही सगळं एका दिवसात केलेलं नाही, असं ती म्हणते. नारिता विमानतळ १९७८ मध्ये उघडला, तोक्योपासून साठेक किलोमीटरवर, आणि आगगाडी टर्मिनलखाली यायला १९९१ उजाडलं. तोवर प्रवासी स्टेशनावर उतरून बस पकडत होते. पण बस होती, वेळेवर होती. तिच्या मते मान्याहून तेलीबांधा, जयस्तंभ चौक आणि स्टेशन अशी पहाटेपासून शेवटच्या विमानापर्यंतची नेमानं धावणारी बस, तिच्यावर ठळक अक्षरांत थांब्यांची नावं, एवढं झालं तरी पहिल्यांदा येणारं म्हातारं जोडपं किंवा एकटी मुलगी कुणाच्या भरवशावर राहणार नाही. रूळ पुढे कधी येतील तेव्हा येतील.

खिडकीवर अभनपूरच्या मेमूची वेळ विचारून घेतली. उद्या त्याच गाडीनं, पुढे राजिम, जिथे पैरी आणि सोंढूर महानदीला मिळतात. मावशीही यायची म्हणते आहे, डब्यात ठेठरी घेऊन.

(क्रमशः)