सूरजागडच्या वाटेवर

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची जत्रा भरते. सत्तर गावांचे माडिया लोक तेथे जमतात. आम्ही निघालो तेव्हा जत्रा आटोपून महिना झाला होता, आणि आमचे कामही जत्रेचे नव्हते. आमच्या वस्तीतील एक मुलगा, बारावी करून भाड्याची जीप चालवणारा, एका रात्री पोत्यात जिवंत खवल्या मांजर नेताना पकडला गेला. ते जनावर धरणारा माडिया गडी सूरजागडकडच्या एका टोल्यावरचा. त्याच्या घरी कोर्टाच्या तारखेचा निरोप कोण देणार? मुलाची आई म्हणाली, "मीच जाते." मग आम्ही दोघे कार्यकर्ते तिच्यासोबत निघालो.

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी करीत आष्टीला वैनगंगा ओलांडली. आलापल्लीजवळ उंच सागवान दिसू लागले तेव्हा बाईंनी खिडकीबाहेर पाहिले, तोवर त्या कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. एटापल्लीच्या पुढे मात्र हिरवा रंग हरवतो. सूरजागडची लोहखाण 2016 साली सुरू झाली आणि 2021 पासून ती जोरात चालते. कच्च्या लोखंडाच्या ट्रकांमागे तांबडी धूळ उठते, ती पानांवर बसते, आमच्या पांढऱ्या शर्टांवरही बसली. धुळीतून वाट काढत एका मोटारसायकलवाल्याला विचारून टोला गाठला.

घरची बाई अंगणात मोहाच्या झाडाखाली बसली होती. तिला मराठी थोडी कळे. शाळेत जाणारा पुतण्या मध्ये बोलू लागला. हकीकत अशी निघाली की कोणी एजंट फोनवर बोलला होता. तीन हजार देण्याचे ठरले, हातात पाचशे पडले. आमच्या मुलाला जीपचे दोन हजार मिळायचे होते. पुढे कोणा मांत्रिकाकडे ते जनावर ठेवून 'पैशाचा पाऊस' पाडायचा बेत होता म्हणे! असल्या थोतांडाविरुद्ध महाराष्ट्रात 2013 साली कायदा झाला, तरी पाऊस पाहायला उत्सुक माणसे अजून आहेत, आणि त्यांत शिकलेलेही आहेत.

खवल्या मांजराला दात नसतात. मुंग्या आणि वाळवी खाऊन ते शेताचे भलेच करते. मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते. भीती वाटली की ते अंगाचा गोळा करते. बिबट्याला तो गोळा सहसा उलगडत नाही, पण माणूस सरळ उचलून पोत्यात टाकतो. त्याच्या खवल्यांत असते तरी काय? वाचकांनी आपल्या बोटाच्या नखाकडे पाहावे, तोच पदार्थ. गेंड्याच्या शिंगातही तोच. त्या शिंगापायी आसामात शेकडो गेंडे मारले गेले. 22 सप्टेंबर 2021 रोजी बोकाखात येथे आसाम सरकारने साठवलेली 2,479 शिंगे जाळून टाकली, ती त्यात औषध नाही हे लोकांना दाखवण्यासाठीच. खवल्या मांजराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2016 साली पूर्ण बंदी घालण्याचे ठरले. 2020 साली चीननेही आपल्या अधिकृत औषधग्रंथातून खवले वगळले. चोरटा बाजार मात्र थांबला नाही, आणि त्याची दोरी आपल्या जिल्ह्यापर्यंत येते. जून 2023 मध्ये गुवाहाटीत वाघाचे कातडे व हाडे पकडली गेली, तेव्हा तपासाचा माग थेट गडचिरोलीत पोचला होता.

वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे जनावर आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे, शिवाय 2023 पासून दंड किमान पंचवीस हजार. पाचशे रुपये घेणाऱ्यालाही हेच कलम. आमच्या मुलाने गुन्हा केलाच, आम्ही त्याची बाजू घेत नाही, हे बाईंनाही वाटेत सांगितले. त्यांनी मान हलवली, बोलल्या काही नाहीत.

दुसरीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. चिपळूण तालुक्यात डुगवे गावाने 2020 साली खवल्या मांजराचा उत्सव केला. आम्ही ते पुतण्याला सांगितले तर तो हसला. "आमच्याकडे कोणी विचारायला आलंच नाही. आले ते एजंटच," तो म्हणाला. यावर आम्हा दोघांनाही उत्तर सुचले नाही.

परत निघताना बाईंनी वहीच्या पानावर तारीख मोठ्या आकड्यांत लिहून दिली. अहेरीच्या गाडीचे भाडेही तिच्या हातात ठेवले. तिने ते दोनदा परत केले, तिसऱ्यांदा पदराच्या गाठीत बांधले.

तारखेच्या दिवशी अहेरीच्या कोर्टाबाहेर दोघी एकाच बाकावर बसलेल्या होत्या. डब्यातली भाकरी अर्धी अर्धी झाली. एजंटाचा फोन त्या दिवशीही बंदच लागला.