वॉटसन हॉटेलचं दार

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन मी पहिल्यांदा पाहिली ती अब्बांचा डबा पोहोचवताना. मोठ्या भावाबरोबर चेंबूरहून हार्बर लाइनने व्हीटीला उतरायचं, पुढे चालत. हायकोर्ट जवळ असल्याने इमारतीत वकिलांची बरीच ऑफिसं होती. अब्बा त्यातल्याच एका वकीलसाहेबांकडे मुन्शी होते. काळोखा जिना आणि ओल आलेल्या भिंती, एवढंच मला आठवतं.

बी.एड. करताना कळलं की हे एकेकाळचं वॉटसन हॉटेल. इंग्लंडमध्ये ओतलेला बिडाचा सांगाडा जहाजाने आणून 1867 ते 1869 या काळात इथे उभा केला होता. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ इथेच झाला. मुक्काम मात्र फक्त युरोपियनांना. जमशेदजी टाटांना इथे प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी 1903 मध्ये ताज उघडलं, असं सांगतात. सगळेच अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत.

हे सांगितल्यावर अब्बा खूप हसले. म्हणाले, "मतलब हम गोरे साहब के कमरे में बैठते थे!"

मला तेवढं हसता आलं नाही. पुढे चेंबूरमध्येच भाड्याने घर शोधताना एका ठिकाणी डिपॉझिटसुद्धा ठरलं होतं. मग मालकाने पूर्ण नाव विचारलं. "सोसायटीत चालणार नाही हो," एवढंच म्हणाला. दारावर पाटी कसलीच नव्हती.

अब्बा आता नाहीत. 2019 मध्ये धोकादायक म्हणून ती इमारतही रिकामी करण्यात आली. त्यानंतर एकदा शाळेतल्या मुलांना घेऊन तिथे गेलो. एका मुलीने विचारलं, "सर, दुरुस्त झाली तर परत हॉटेल होईल का? आपल्याला आत सोडतील?"

मी म्हणालो, "होऊ शकतं. कुलाब्यात लॅन्सडाउन हाउससारख्या जुन्या इमारतीत बुटिक हॉटेल चालतंच की. आणि धर्म, वंश, जात बघून हॉटेलात अडवायचं नाही, असं संविधानाच्या 15व्या अनुच्छेदात लिहिलंय."

"मग भाडं परवडलं की झालं!" ती म्हणाली. मुलं हसली.

घरांबद्दल तिने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.