वंशवृक्षातली हयात माणसं

कुलवृत्तांताच्या कामासाठी हल्ली कुणी भेटायला आलं की एक प्रश्न हमखास येतो: "अमुक साइट फुकट आहे म्हणतात, तिच्यावर नाव नोंदवू का?" विचारणाऱ्याला धास्ती असते ती स्वतःच्या ई-मेलची आणि मोबाइल नंबरची. जाहिरातींचा मारा होईल का, अनोळखी फोन येतील का? त्यावरचा उपाय सोपा आहे. वंशावळीपुरता वेगळा ई-मेल काढावा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवावा आणि मोबाइल नंबर सक्तीचा नसेल तर देऊ नये. मला खरी काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. खातं उघडताना आपण आपली एकट्याची माहिती देतो. वंशवृक्ष भरायला बसलो की आत्या, मावश्या, चुलत भावंडं, त्यांची मुलं अशा शेकडो जणांची देतो. त्यांतल्या कुणालाही आपण विचारलेलं नसतं.

फुकट आहे म्हणजे फसवं असणार, असं मी म्हणत नाही. फॅमिलीसर्च ही सगळ्यात मोठी मोफत सेवा अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचा मॉर्मन पंथ चालवतो. मृत पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घेता येतो अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून पूर्वजांचा शोध हे त्यांच्यासाठी धर्मकार्य. त्यासाठीची संस्था त्यांनी 1894 मध्येच काढली. तिथे हयात व्यक्तीचं पान एरवी भरणाऱ्यालाच दिसतं; मृत व्यक्तीचं पान मात्र सगळ्या जगाला खुलं असतं आणि ते कुणीही बदलू शकतं. नाव नोंदवण्याआधी ही व्यवस्था आणि तिच्यामागचा हेतू माहीत असावा, मग ज्याने त्याने ठरवावं. व्यापारी साइटवर पहिलं दालन फुकट असतं आणि पुढच्या दालनांना वर्गणी पडते.

गळती दोन्हीकडे होऊ शकते. रूट्सवेब हा हौशी संशोधकांचा जुना मोफत अड्डा. 2017 च्या डिसेंबरात तिथल्या सुमारे 3 लाख खात्यांचे ई-मेल आणि पासवर्ड असलेली फाइल उघड्यावर सापडली. पुढच्याच वर्षी मायहेरिटेजने 9 कोटी 20 लाखांहून अधिक वापरकर्त्यांचे ई-मेल बाहेर गेल्याचं जाहीर केलं. पण मी सगळ्यांना सांगतो ते उदाहरण 2023 मधलं, ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए तपासणी कंपनीचं. इतरत्र फुटलेले पासवर्ड लावून पाहत चोरांनी तिथली सुमारे 14,000 खाती उघडली. त्या खात्यांमधून नातेवाइकांची पानं दिसत होती, त्यामुळे हाती लागली ती सुमारे 69 लाख माणसांची माहिती. ज्यांनी स्वतःचा पासवर्ड नीट जपला होता, त्यांचीही. एका चुलतभावाच्या ढिलाईने सगळं कूळ उघडं पडतं, ते असं. 2025 मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि लाखो लोकांचा डीएनए तपशील कुणाच्या हाती जाणार हा प्रश्न उभा राहिला.

डीएनए आपल्याकडे अजून फार कुणी देत नाही. आपला धोका साध्या तपशिलातच आहे. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ई-पॅनची फाइल उघडते जन्मतारखेने. वंशवृक्षातल्या प्रत्येक चौकटीत आपण हेच लिहितो, आणि शेजारच्या चौकटीत आईचं माहेरचं आडनावही. त्यात आपला सातबारा महाभूलेखवर कुणालाही पाहता येतो. वंशवृक्ष सांगतो की थोरले वारले, त्यांची मुलं अमेरिकेत आहेत, धाकट्यांना मूलबाळ नाही. दोन्ही शेजारी ठेवले की गावातल्या कुठल्या जमिनीकडे बघायला कुणी उरलेलं नाही हे परक्यालाही कळतं. तोतया वारस उभे करून जमिनी विकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या वाचल्या की माझ्या डोळ्यांसमोर उघड्यावर टाकलेले वंशवृक्ष येतात.

आणि पैशाअडक्यापलीकडचंही असतं. मी एका घराचं काम करत होतो, तिथल्या परदेशातल्या भाच्याने मोठ्या उमेदीने सगळं कुटुंब साइटवर चढवलं होतं. त्याच्या आत्याचं पहिलं लग्न, ते यजमान वर्षभरात गेले ते साल, मग दुसरं लग्न, सगळं अचूक. आत्यांनी ते पाहिलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, माझ्या नातींना हे मी माझ्या तोंडून सांगणार होते." त्याचा हेतू निर्मळ होता आणि नोंदही खरी होती. तरी सांगायचा हक्क आत्यांचा होता, तो हिरावला गेला. दत्तक, घटस्फोट, घरच्यांनी तोडलेले आंतरजातीय विवाह, लहानपणी गेलेली मुलं, मनोरुग्णालयात शेवट झालेले काका: प्रत्येक घराण्यात अशी एक तरी चौकट असते. संशोधक म्हणून मला ती नोंद हवी असते, अगदी काटेकोर हवी असते. पण नोंद ठेवणं वेगळं आणि ती जगासमोर मांडणं वेगळं, हा भेद मी सोडायला तयार नाही.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे हा भेद आजही पाळला जातो. ते आधी गाव विचारतात, आडनाव विचारतात, आजोबा-पणजोबांची नावं विचारतात आणि मगच वंशावळीची वही काढतात. ज्याचं कूळ त्यालाच ते पान वाचून दाखवतात, आणि त्याच्याच हाताने नवी नावं लिहून घेतात. हरिद्वारच्या अशा वह्यांच्या सूक्ष्मफिती फॅमिलीसर्चने केल्या आहेत; संशोधनाला त्याचा मोठा उपयोग आहे, आणि जुन्या पिढ्यांपुरतं मला ते मान्यही आहे.

कायद्यावर फार विसंबू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती महत्त्वाची मानली, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सक्तीची केली. पण कुणी स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती हाताळत असेल तर तो कायदा लागूच होत नाही. घरातला नियम घरानेच करायचा आहे.

माझा नियम असा आहे. संपूर्ण वंशावळ आपल्याच संगणकावर ठेवायची; ग्रॅम्प्स नावाची मोफत प्रणाली त्यासाठी पुरेशी आहे आणि तिला खातं लागत नाही. साइटवर न्यायच्या त्या दिवंगत पिढ्या, आणि त्याही पणजोबांपासून वरच्या. हयात माणसाची चौकट हवीच असेल तर तिथे नुसतं 'हयात' लिहायचं, नाव नाही, तारीख नाही. वंशावळीची फाइल दुसऱ्याला पाठवताना हयात व्यक्ती वगळण्याचा पर्याय असतो, तो निवडल्याशिवाय पाठवायची नाही.

एक विनंती खास कुलमंडळांच्या कार्यकर्त्यांना. आपले छापील कुलवृत्तांत वर्गणीदार कुलबंधूंसाठी काढलेले होते. त्यांत जन्मतारखा, नोकऱ्या, पूर्ण पत्ते विश्वासाने दिलेले आहेत. आता त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती व्हॉट्सअ‍ॅपवर या गटातून त्या गटात जात आहेत, आणि तिथून उचलून कुणीतरी त्या साइटवर चढवतं. ग्रंथ जतन व्हायलाच हवेत, स्कॅनही व्हायलाच हवेत. पण दोन प्रती करा: एक संपूर्ण, मंडळाच्या कपाटात राहणारी, दुसरी हयात माणसांची पानं काढून केलेली, वाटण्यासाठी. पुढच्या स्नेहसंमेलनाच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या, आणि पानं कुणाची काढायची याची यादी त्या-त्या माणसाला विचारून करा.