खडशीची नदी

पुण्याला बियाण्याच्या नाहीतर कोर्टाच्या कामाने गेलात, तर संगम पुलावर घटकाभर थांबा. सह्याद्रीतून उतरलेल्या मुळा आणि मुठा इथे एक होतात. पाणी काळपट, काठाला जलपर्णी. हेच पाणी पुढे थेऊरवरून रांजणगाव सांडसला भीमेत मिसळते आणि उजनीच्या जलाशयात उतरते. काठच्या कितीतरी उसाला तेच मिळते.

मंडळी, या नदीच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद फार जुनी आहे. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. त्याने इथले मासे गोळा केले, भोयांना नावे विचारली आणि १८३९ साली तीच नावे शास्त्रात घातली. आपल्या खडशीला, म्हणजे महसीरला, जगभरचे शास्त्रज्ञ आजही ‘टॉर खुद्री’ म्हणतात. कोळस मासाही असाच ‘कोलस’ झाला. अडाणी म्हणवणाऱ्या माणसाचा शब्द विद्यापीठाच्या पुस्तकात गेला!

पुढे १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली. २००३ साली वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेच्या माशांची पुन्हा यादी मांडली. त्याच वर्षी खरात आणि सहकाऱ्यांनी माशांमधला बदल मांडला. जुन्या यादीतले कित्येक मासे सापडलेच नाहीत. बाहेरून आलेली चिलापी मात्र सापडली. ही आफ्रिकेची; १९५२ साली भारतात आणलेली. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून घाण पाण्यातही तिचा वंश टिकतो.

खडशीचे तसे नाही. तिला वाहते, स्वच्छ, खडकाळ पाणी लागते. सांडपाणी कुजताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासा गुदमरतो. वरची हवा घेणारी मरळ तेवढी तग धरते. धरणाच्या भिंती वरची वाट अडवतात, ते वेगळेच.

शहराचे सांडपाणी आपण एकटे रोखू शकत नाही; त्यासाठी ग्रामसभेने ठराव करून पाठपुरावा करावा. पण गावचा ओढा आपल्या हातात आहे. पहिल्या पावसात चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन वर येतात. त्या वेळी जाळे लावले, तर एका कालवणासाठी हजारो पिल्ले जातात. डोहात ब्लीचिंग पावडर टाकू नका, फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका.

आणि घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा : आपल्या ओढ्यात कोणकोणते मासे होते? वाम, शिंगटा, खडशी, जे सांगतील ते मुलांच्या वहीत उतरवून ठेवा. उद्या महाविद्यालयाची पोरे जाळे आणि वही घेऊन आली, तर ती वही त्यांना दाखवा. साइक्सलाही असेच गावकऱ्यांनी सांगितले होते.