अरुंद वाट आणि मोठे मन

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात गर्दी कितीही असो, कोणी थांबायचे ते सिग्नल सांगतो. अरुंद वाटेवर मात्र ते माणसांनाच ठरवावे लागते.

स्कॉटलंडच्या डोंगरी भागात लेकीची गाडी चालवताना हे फार जाणवले. तिकडेही वाहने डावीकडूनच जातात, तेवढा दिलासा. पण रस्ता एकाच गाडीपुरता! पुढे आंधळे वळण, वाटेत मेंढरे, समोरून ट्रक. छातीत धडधड होई.

तिथली सोय पाहा. थोड्या थोड्या अंतरावर कडेला गाडी मावेल एवढी जागा आणि पाटी असते. जागा डावीकडे असेल तर आपण आत शिरायचे. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचे, म्हणजे समोरचा तिच्यात वळून निघून जातो. चढणीच्या गाडीला शक्यतो आधी वाट. जाणारा हात उंचावून आभार मानतो. त्या एका हाताने धडधड थांबते, मग तळी आणि डोंगर दिसू लागतात.

घाटात चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम आपल्याकडेही आहे. पाणंदीवर मात्र उसाची ट्रॉली आणि बैलगाडी समोरासमोर आली, की मागे कोणी सरायचे यावरून भावकीत वैर येते. शेजाऱ्यांनी मिळून बांधालगत गाडीपुरती जागा सोडली आणि भरल्या गाडीला आधी वाट दिली, तर? जमीन थोडी जाईल, पण सुगीतली भांडणे मिटतील. तुमच्या पाणंदीवर अशी जागा कोठे निघेल, ते पेरणीआधीच पाहून ठेवा.