न विझवायचा दिवा

दिवाळीच्या चार दिवसांत दारात कितीही दिवे लावले तरी माणसाला ते थोडेच वाटतात. पण दिव्यांची एक जात अशी आहे, की तिच्यातला एक जरी लागला तरी पोटात धस्स होते. हा दिवा मालट्रकच्या स्टिअरिंगमागच्या पाटीवर असतो. शेंगदाण्याएवढा, कधी पिवळा तर कधी तांबडा. तो लागावा म्हणून कोणी तेल घालीत नाही. विझावा म्हणून मात्र लोक हजारो रुपये मोजतात.

माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या शाळामास्तराचा मालट्रकशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. माझी विज्ञानातली मजल मॅट्रिकच्या पुस्तकापुढे गेलेली नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी आमच्या धाराशिव जिल्ह्यातच, नळदुर्गजवळ, पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादेला जाणाऱ्या महामार्गावर गॅरेज चालवतो. कादंबरीकाराला माणसे हवी असतात, आणि ती तिथे चहाच्या कपाबरोबर फुकट भेटतात. म्हणून सुटीचा दिवस मी पुष्कळदा त्याच्या बाकावर काढतो.

त्याचे वडील जुन्या पिढीतले ड्रायव्हर. त्या पिढीचे सारे निदान कानाने चाले. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, की कोणत्या सिलिंडरमध्ये खडखड आहे हे ते वैद्याच्या थाटात सांगत. आता तो काळ पालटला. १ एप्रिल २०२० पासून देशात बी. एस. ६ हे धुराचे नवे नियम लागू झाले, आणि ट्रकच्या पोटात सेन्सर व कॉम्प्युटर यांचे एक गोकुळच नांदू लागले. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड किती हे कोणत्याही उस्तादाच्या कानाला ऐकू येत नाही. सेन्सरला ते कळते. म्हणून ‘जुने ते सोने’ हे गाणे मी या बाबतीत गाणार नाही.

पण सेन्सरला कळले म्हणजे माणसाला कळले असे थोडेच आहे? दिवा रोगाचे नाव सांगत नाही. कुणीतरी तक्रार केली आहे, एवढेच सांगतो. माझ्या विद्यार्थ्याने मला हे एकदा फार सुरेख समजावले. जड वाहनांसाठी जगभर जे-१९३९ नावाची एक बोली चालते. तिच्यातल्या तक्रारीला दोन आकडे असतात. पहिला आकडा कोण दुखावले ते सांगतो, दुसरा कसे दुखावले ते. पहिला आकडा १०० असेल, तर तक्रार इंजिनाच्या तेलाच्या दाबाची. त्यापुढे १ आला, तर दाब खरोखरच धोक्याइतका उतरला आहे. पण १ च्या जागी ४ आला, तर सेन्सरच्या तारेतले व्होल्टेज कमी पडते आहे. तेल कदाचित ठीकही असेल.

“म्हणजे गुरुजी,” तो म्हणाला, “पोरगं तापलंय का थर्मामीटर मोडलाय, हे आधी बघायचं. आणि ते कळेपर्यंत दोन्ही वेळेला गाडी उभीच ठेवायची.”

वर्गात हा मुलगा मागच्या बाकावर बसत असे. परीक्षेचा पेपर कोरा ठेवणाऱ्या मुलाला काही येत नाही, की त्याच्या पेनातली शाई संपली आहे, हा प्रश्न तरी दुसरा काय आहे?

एका रविवारी एक ट्रक आला. सिमेंट भरलेला. पाटीवर चार दिवे एकदम पेटलेले, जणू देवघर! ड्रायव्हरचा चेहरा मात्र सुतकी. वाटेत एका ठिकाणी त्याला दोन सेन्सर बदलून दिले होते; पैसे गेले आणि दिवे तसेच राहिले. माझ्या विद्यार्थ्याने स्कॅनर लावला, यादी वाचली आणि बाजूला ठेवली. “चार जण एकदम आजारी पडत नसतात,” तो पुटपुटला, “पाणी कुठलं पितात ते बघू.” ट्रकची वीज २४ व्होल्टची, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्यांची. त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी चॅसीच्या लोखंडाला, आणि ड्रायव्हरला सेल मारायला सांगितला. तिथे काटा जवळजवळ शून्यावर राहायला हवा. तो दोनकडे सरकला. अर्थिंगची पट्टी गंजली होती. तिला पॉलिश पेपर घासला, नट आवळला, नोंदी पुसल्या आणि इंजिन पुन्हा सुरू केले. चारही दिवे गेले.

सगळेच दिवे काही बिघाडाचे नसतात. आमच्याकडे गळिताच्या हंगामात उसाचे ट्रक कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास उभे असतात, इंजिन चालूच. धुराच्या नळीतल्या गाळणीत काजळी साचते. ती जाळायला मोठी उष्णता लागते आणि उभ्या गाडीला ती मिळत नाही. मग पिवळा दिवा लागतो. त्याचा अर्थ एवढाच, की बाबा रे, मला जरा मोकळ्या रस्त्यावर पळव. ते न करता रांगेतच रेटत राहिले, तर मात्र तोच दिवा पुढे मोठा खर्च घेऊन येतो.

सगळ्यांत जास्त शिव्या खातो तो युरियाचा दिवा. धुरातले विष मारण्यासाठी नळीत युरियाचे द्रावण फवारतात. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी अगदी शुद्ध केलेले पाणी असते. ते संपले किंवा भेसळीचे निघाले, तर गाडी आधी दिवा लावते आणि मग हट्टाने आपला जोर कमी करते. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात युरियाला काय तोटा! काही जण शेतातलेच पोते बादलीत विरघळवतात. पण २०१५ पासून देशातल्या शेतीच्या युरियाला कडुलिंबाचे तेल लावलेले असते. पिकाला ते चांगले, पण त्या नाजूक फवाऱ्याचा घसा त्याने कायमचा बसतो.

यावर बाजारात एक ‘इलाज’ मिळतो. छोटीशी डबी. ती वायरिंगमध्ये बसवली, की ती कॉम्प्युटरला सांगत राहते, सगळे ठीक आहे. दिवा विझतो, जोर परत येतो आणि विषारी धूर खुशाल बाहेर पडतो. रस्त्याकडेच्या शाळेत पाढे म्हणणाऱ्या पोरांच्या नाकात तो जातो. अशाच एका रविवारी एका ट्रकमालकाने ही डबी मागितली. हप्ते थकलेले, भाडे हातचे चाललेले; माणूस वाईट नव्हता, टेकीला आलेला होता.

माझ्या विद्यार्थ्याने नकार दिला, आणि देताना नकळत बाजेवर बसलेल्या वडिलांकडे पाहिले. वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीत ब्रेकची हवा कमी झाली की बझर ओरडत असे. रोज सकाळी टाकी भरेपर्यंत तो कानठळ्या बसवी, म्हणून त्यांनी त्याची तार तोडून टाकली. पुढे तुळजापूरचा घाट उतरताना हवा गळून गेली, आणि सांगणारे कोणी उरले नव्हते.

याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हांला ठाऊकच आहे. थापटण्याने संतांची डोकी तपासताना त्यांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवले. मला त्या कथेत गोरोबांपेक्षा नामदेव मोठे वाटतात. त्यांना राग आला, दुःख झाले. पण त्यांनी थापटणे काही मोडून टाकले नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले.

ट्रकमालक मात्र तणतणत निघून गेला. मी म्हणालो, “अरे, एक गिऱ्हाईक गेलं की तुझं.”

“गेलं ना,” हात पुसत तो म्हणाला. “पुढं कुठंतरी बसवून घेईलच तो. माझ्या हातानं नाही बसली, एवढंच.”

वडिलांनी बाज जराशी सावलीत ओढून घेतली आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.