लाथ मारण्याची नोकरी

आठवड्यातून दोन दिवस मी एका चार पायांच्या यंत्राला लाथा घालतो आणि त्याचा मला पगार मिळतो. भोसरीतली पत्र्याची शेड, फरशीवर जुन्या गाद्या, वरच्या हुकाला बांधलेला सैल दोर आणि मधोमध आमचं ‘घोडं’. हे नाव शेडमधल्या आमच्या मिस्त्रींनी ठेवलं, कागदोपत्री त्याला नुसता क्रमांक आहे. वजन चौदा किलो, पायाला तीन अशा बारा मोटारी. डोकं नाही, शेपूट नाही, डोळे तर नाहीतच. तरी पहिल्या दिवशी माझा पाय अर्ध्यावर अडला. मिस्त्री म्हणाले, “साहेब, गोंजारताय काय? नीट हाणा की!”

हाणावं लागतं, कारण सपाट फरशीवर चालून दाखवणं ही परीक्षाच नव्हे. कडेनं अचानक धक्का बसला तर गडी तोल सावरतो का, हे बघायचं असतं. हिशेब फार अवघड नाही. मार्क रेबर्ट यांनी १९८०च्या दशकात एकाच पायावर उड्या मारत तोल राखणारं यंत्र बनवलं. त्यामागचा विचार आम्ही आजही वापरतो : अंग ज्या बाजूला कलंडतंय त्याच बाजूला पाऊल टाका, आणि कलंडण्याचा वेग जितका जास्त तितकं ते लांब टाका. आमच्या घोड्यात हा हिशेब सेकंदाला पाचशे वेळा होतो. त्यातली ओळन् ओळ मी लिहिली आहे. दुखण्याबद्दल तिथे काहीही नाही.

आणि तरीही. डाव्या कुशीत लाथ बसते, घोडं उजवीकडे भेलकांडतं, उजवे पाय तडातडा दोन-तीन ठिकाणी टेकतात, पोट फरशीला लागेल असं वाटतं, आणि मग ते उभं राहतं. किंचित थरथरत. नेमक्या त्या क्षणी बघणाऱ्याच्या तोंडून “अरे अरे” निघतं. तेच घोडं तासभर मुकाट चालत होतं, तेव्हा हीच मंडळी मोबाइल बघत होती.

हे मी पहिल्यांदा होस्टेलवर अनुभवलं. २००८ साली रेबर्ट यांच्या कंपनीच्या बिगडॉग या चार पायांच्या यंत्राचा व्हिडिओ आला होता. पेट्रोल इंजिनाची मोहोळ उठल्यासारखी भणभण, बिनडोक्याचं धूड, बाजूनं एक माणूस येतो आणि लाथ घालतो. पुढे ते बर्फावर घसरतं, पाय फाकतात, पण पडत नाही. आम्ही चौघे मेकॅनिकलचे. हायड्रॉलिक्सबद्दल कुणीतरी विचारायला हवं होतं, पण कुणी काही बोललंच नाही. पुढे २०१५मध्ये त्याच कंपनीनं स्पॉट दाखवला, त्यालाही लाथ बसली, आणि हे क्रूर आहे असं म्हणणारे कितीतरी निघाले.

यंत्र हुबेहूब जिवंत प्राण्यासारखं दिसतं म्हणून दया येते, असं सहसा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. स्वीडनच्या गुन्नार योहानसन यांनी १९७३मध्ये माणसांच्या सांध्यांवर दिवे लावून त्यांना अंधारात चालवलं होतं. माणूस स्थिर असला की नुसते विखुरलेले ठिपके दिसायचे, तो हलला की लगेच कळायचं, माणूस चालतोय. म्हणजे चेहऱ्याची, कातडीची गरज नाही, चाल पुरते. जपानचे मासाहिरो मोरी १९७०च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात वेगाबद्दल लिहितात : यंत्राचं हसू मंद केलं की ते हसू राहत नाही, अंगावर येतं. हे मी पाहिलंय. एक मोटार झिजली म्हणून आम्ही घोड्याचा वेग निम्मा केला, तर ते खंगलेलं, दुखणाईत दिसायला लागलं. चहावाला पोरगा दारातूनच ग्लास ठेवून गेला.

पण दया यायला नुसती चालही पुरत नाही. २०१५च्याच जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे दार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेच्या स्पर्धेत माणसासारखे दोन पायांचे रोबो धडाधड पडले. दार उघडताना पडले, पायरी चढताना पडले, तोडलेल्या झाडासारखे, हात पुढे न करता. त्या पडझडीची फीत बघून जग हसलं. मीही हसलो, आणि आमच्या धंद्यातल्या माणसानं हसू नये हे कळूनही पुन्हा लावून हसलो. पडणाऱ्याचं हसू येतं आणि सावरणाऱ्याची कणव, हा प्रकार मला अजून नीट उलगडलेला नाही. पडून जाणारं यंत्र वस्तूसारखं पडतं. सावरणाऱ्याला मात्र उभंच राहायचं आहे असं वाटतं, आणि ‘वाटतं’ हा शब्द इथे माझ्या बाजूचा आहे, त्याच्या नव्हे.

मिस्त्री गावाकडचे. त्यांच्या मते वासरू जन्मल्यावर तासाभरात हेच करतं. लाथेनंतर घोडं उभं राहिलं की ते वहीत एकच शब्द लिहितात, ‘सावरलं’. मागे त्यांच्या मुलाची नोकरी गेली होती. सहा महिन्यांनी मी चौकशी केली तेव्हा, वहीतून मान वर न करता, त्यांनी तोच शब्द वापरला होता.

मिस्त्री लाथ माझ्यापेक्षा जोरात मारतात, आणि संध्याकाळी फडक्यानं घोड्याच्या कुशीवरचा बुटाचा ठसा पुसतात. मी एवढंच केलं की, वीज तोडली की घोडं जागच्या जागी कोसळायचं, ते थांबवलं. आता ते आधी चारही पाय दुमडून बसतं, मग मोटारी बंद होतात. त्यासाठी दोन रात्री जागून मी चाळीस ओळी लिहिल्या. अहवालात कारण दिलं, ‘गिअरबॉक्सला हादरा बसू नये म्हणून’. साहेबांनी सही केली. गिअरबॉक्स महाग असतात, हे खरंच आहे.